कचेरी सुटल्यावरची हाक

(कामाच्या वेळेबाहेर नोकरांशी संपर्क साधण्यावर मर्यादा घालणाऱ्या कायद्यांविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरणीचा भोंगा हा एके काळी मुंबईच्या कामगाराच्या जीवनातील सर्वांत मोठा हुकूम होता. तो सकाळी वाजला की घर सोडावयाचे आणि सायंकाळी वाजला की माग सोडावयाचा. या भोंग्याविषयी कामगाराला प्रेम वाटावे असे काही नव्हते; परंतु त्याच्या अंगी एक गुण निश्चित होता. काम सुरू झाल्याचे तो जसे सांगे तसेच काम संपल्याचेही सांगे. फाटकाबाहेर पाऊल पडले की त्या दिवसापुरती मालकाची सत्ता संपे, कारण माग खांद्यावर टाकून कोणाला चाळीत नेता येत नसे. कचेरीतला कारकून क्वचित दप्तर रुमालात बांधून घरी नेई. पण ते गाठोडे सर्वांच्या दृष्टीस पडे आणि घरच्या माणसांना त्याचा राग तरी करता येई.

आज कामाचे हत्यारच खिशात येऊन बसले आहे. ज्या मोबाईलवर मुलीचा आवाज ऐकू येतो, बँकेचा निरोप येतो, आजारी आईची चौकशी होते, त्याच मोबाईलवर वरिष्ठांची आज्ञाही येते. रात्री साडेनऊ वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर 'उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवावी' असा निरोप पडतो, आणि त्यानंतर शिक्षकाच्या घरात काय घडते हे येथे जमलेल्या शिक्षकमंडळींना सांगण्याचे प्रयोजन नाही. निरोप पाठविणाऱ्याचा त्यात दुष्ट हेतू असतो असेही नाही. त्यालाही तो निरोप वरून नऊ वाजता आलेला असतो.

या स्थितीवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांनी कायदे केले आहेत. इंग्रजीत या हक्काला 'राइट टु डिस्कनेक्ट' म्हणतात. मराठीत त्याला संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क असे म्हणता येईल. हे कायदे एकाच साच्याचे नाहीत, आणि त्यांच्यातील फरक हाच अभ्यासण्याजोगा भाग आहे.

तत्पूर्वी एका गोष्टीचे स्मरण अवश्य आहे. कामाच्या तासांना मर्यादा असावी ही कल्पना आपल्याकडे परदेशातून तयार होऊन आलेली नाही. १८८१ सालच्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांविषयी तो कायदा मौन होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाला सुरुवात व शेवट यांची ठरलेली वेळ, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मालकसंघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. आज ज्या रविवारी आपण निर्धास्तपणे बाजारास जातो तो रविवार असा मिळालेला आहे.

पुढील वाटचाल संथ होती. आठवड्याची मर्यादा १९२२ साली साठ तासांवर, १९३४ साली चौपन्न तासांवर आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस तासांवर आली. हे शेवटचे विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हीच अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा स्वतंत्र भारतात कायम केली. मात्र या सर्व कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे काम फाटकाच्या आत असते. फाटकच नाहीसे झाले तर काय करावयाचे, याचे उत्तर त्यांच्यात नाही, आणि ते असण्याचे कारणही नव्हते.

फाटक नाहीसे झाल्याची जाणीव प्रथम फ्रान्समधील न्यायालयांना झाली असे म्हणता येईल. तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २००१ साली असा निर्णय दिला की, घरी काम करण्यास मान्यता देणे किंवा कामाची कागदपत्रे व साधने घरी नेणे हे नोकरावर बंधनकारक नाही. २००४ साली त्याच न्यायालयापुढे एका रुग्णवाहिकाचालकाचे प्रकरण आले. कामाच्या वेळेबाहेर मालकाने त्याच्या खासगी मोबाईलवर केलेले फोन त्याने घेतले नाहीत, म्हणून त्याला कामावरून काढण्यात आले होते. कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या फोनवर उपलब्ध नसणे हा कसूर ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा मनुष्य रुग्णवाहिका चालविणारा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. तातडीच्या सेवेतील माणसालासुद्धा सुटीची वेळ ही सुटीचीच वेळ असते. त्या वेळेत सेवा चालू ठेवणे अवश्य असेल तर दुसऱ्या माणसाची पाळी लावणे हे मालकाचे काम आहे, असा त्या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ होतो.

पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे अधिकारी ब्रुनो मेतलिंग यांनी फ्रेंच सरकारला अहवाल सादर केला. कामाच्या जगात संगणक व मोबाईल आल्याने काय बदल झाले, हा त्याचा विषय होता. संपर्कापासून मुक्त राहणे हा नोकराचा हक्क आहे आणि त्याचबरोबर ते त्याचे कर्तव्यही आहे, अशी त्यांची मांडणी होती. कर्तव्य हा शब्द ऐकून थोडे आश्चर्य वाटते. पण तो अस्थानी नाही. एका टेबलावरचा मनुष्य रात्री अकरा वाजता उत्तर पाठवू लागला की शेजारच्या टेबलावरच्याला तसे न करण्याची भीती वाटू लागते. मालकाने एक शब्दही न उच्चारता साऱ्या कचेरीची रात्र अशा रीतीने कामाला लागते.

८ ऑगस्ट २०१६ चा फ्रेंच कायदा तत्कालीन मजूरमंत्री मिरियम एल् खोमरी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातील या विषयाचे कलम १ जानेवारी २०१७ पासून अमलात आले. कामगारांनी हा कायदा सर्वस्वी आनंदाने स्वीकारला असे मात्र नव्हे. त्यातील इतर अनेक तरतुदी मालकांना झुकते माप देणाऱ्या आहेत म्हणून २०१६ च्या वसंतात फ्रान्सभर मोठी निदर्शने झाली होती. संपर्कमुक्तीचे कलम हे त्या वादग्रस्त कायद्यातील कामगारांच्या बाजूचे एक कलम होय. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनी कामगार प्रतिनिधींशी दरवर्षी ज्या वाटाघाटी करावयाच्या असतात, त्यांत हा हक्क प्रत्यक्षात कसा उपभोगता येईल हा विषय घ्यावा, असे ते सांगते. समझोता न झाल्यास मालकाने प्रतिनिधींचे मत घेऊन एक सनद तयार करावी आणि अधिकाऱ्यांना त्याविषयी शिक्षण द्यावे. सायंकाळी सहानंतर फोन करू नये असे फ्रेंच कायदा कोठेही म्हणत नाही. वर्तमानपत्रांत त्या वेळी तसे पुष्कळ छापून आले, ते खरे नव्हे. कायदा एवढेच म्हणतो की, समोरासमोर बसा आणि ठरवा.

हा मार्ग दुबळा आहे अशी टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे, कारण सनद न केल्यास त्याबद्दल खास शिक्षा त्या कलमात नाही. तथापि २०१८ सालचे एक प्रकरण पाहावे. एका कंपनीने आपल्या शाखाधिकाऱ्याला फोन सदैव चालू ठेवण्यास सांगितले होते, जेणेकरून अडचण आल्यास हाताखालच्या लोकांना त्याच्याशी बोलता यावे. हे नुसते सौजन्य नसून पहारा आहे आणि पहाऱ्याचे दाम मोजले पाहिजे, असा निर्णय झाला. रक्कम साठ हजार युरोंच्या घरात गेली. फोन चालू ठेवण्याची जी गोष्ट फुकट वाटत होती तिला किंमत लागली, आणि किंमत लागताच पुष्कळ गोष्टी आपोआप अनावश्यक ठरतात.

पहाऱ्याच्या संदर्भात बेल्जियममधील नीव्हेल या गावच्या अग्निशामकाचे प्रकरणही प्रसिद्ध आहे. हा स्वयंसेवी अग्निशामक पहाऱ्याच्या दिवशी आपल्या घरीच असे. पण बोलावणे येताच आठ मिनिटांत ठाण्यावर हजर होण्याचे बंधन त्याच्यावर होते. युरोपीय न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०१८ रोजी हा सर्व वेळ कामाचा वेळ होय असा निर्णय दिला. मनुष्य घरात बसला आहे की ठाण्यात, यापेक्षा त्याला आपला वेळ आपल्या इच्छेने वापरता येतो की नाही, ही कसोटी न्यायालयाने लावली. आठ मिनिटांत पोहोचावयाचे म्हटल्यावर नदीवर जाता येत नाही आणि शेजारच्या गावच्या लग्नालाही जाता येत नाही.

आता पोर्तुगालकडे वळू. गोमंतकीयांना या देशाचा परिचय नव्याने करून द्यावयास नको. १९ डिसेंबर १९६१ रोजी राजवट संपली, तरी १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा कौटुंबिक बाबतीत आजही गोव्यात आधारभूत मानला जातो, आणि अनेक गोमंतकीय कुटुंबांचे आप्त लिस्बन शहरात कामधंदा करतात. त्यांना पोर्तुगालचा नवा कामगार कायदा लागू होतो. येथील आप्तांना अर्थातच नाही.

करोनाच्या साथीत घरून काम करण्याची पद्धत तेथे फार वाढली. त्यानंतर ६ डिसेंबर २०२१ चा ८३ क्रमांकाचा कायदा करण्यात आला आणि तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पोर्तुगीज पार्लमेंटपुढे या वेळी दोन कल्पना होत्या. नोकराला संपर्क तोडण्याचा हक्क द्यावा, ही एक. ती नामंजूर झाली. तिच्याऐवजी, नोकराच्या विश्रांतीच्या काळात त्याच्याशी संपर्क न करणे हे मालकाचे कर्तव्य आहे, अशी तरतूद मंजूर झाली. अनिवार्य आपत्ती एवढाच तिला अपवाद आहे, आणि कर्तव्यभंग हा दंडनीय गंभीर गुन्हा मानला आहे.

हक्क आणि कर्तव्य यांतील हा भेद वरवर पाहता शाब्दिक वाटतो. परंतु तो फार महत्त्वाचा आहे. हक्क दिला म्हणजे फोन वाजतो, आणि तो न घेण्याचे धैर्य नोकराला दाखवावे लागते. नोकरी तात्पुरती असेल, कंत्राटी असेल, बदलीचा कागद साहेबांच्या टेबलावर असेल, तर ते धैर्य कोठून यावयाचे? कर्तव्य मालकावर टाकले म्हणजे फोन वाजवणाऱ्यालाच आधी विचार करावा लागतो. दुबळ्या बाजूला हक्क देण्यापेक्षा बलवान बाजूवर बंधन घालणे अधिक परिणामकारक ठरते, असे या बाबतीत तरी म्हणावे लागेल. याच कायद्याने घरून काम करणाऱ्याचा वीज व इंटरनेट यांचा वाढीव खर्च मालकावर टाकला आहे आणि लहान मुलांच्या आईवडिलांना, काम तसे असेल तर, घरून काम करण्याची सवलत दिली आहे.

ऑस्ट्रेलियाने तिसरा मार्ग काढला. तेथे हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आस्थापनांत आणि २६ ऑगस्ट २०२५ पासून पंधराहून कमी नोकर असलेल्या लहान आस्थापनांतही लागू झाला. मालकाने फोन करू नये असे तेथील कायदा म्हणत नाही. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन न घेण्याचा, निरोप न वाचण्याचा व त्याला उत्तर न देण्याचा हक्क तो नोकराला देतो. मात्र नकार अवाजवी असता कामा नये. वाजवी काय आणि अवाजवी काय हे ठरविताना संपर्काचे कारण, त्यामुळे होणारा त्रास, उपलब्ध राहण्याबद्दल जादा मोबदला मिळतो की नाही, हुद्द्याची जबाबदारी आणि नोकराची घरची परिस्थिती या बाबी पाहावयाच्या असतात. वाद आधी कामाच्या जागीच मिटवावा. न मिटल्यास फेअर वर्क कमिशन या न्यायाधिकरणाकडे जाता येते. घरची परिस्थिती हा शब्द कायद्यात आला, हे विशेष होय. तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडील ज्याच्या घरी आहेत त्याची सायंकाळ आणि एकट्या माणसाची सायंकाळ कायद्याने वेगळी मानली.

इटलीने २०१७ साली व स्पेनने २०१८ साली असे कायदे केले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने याविषयीचे लेखी धोरण ठेवावे एवढेच बंधन आहे. धोरणात काय असावे ते कायदा सांगत नाही, म्हणून त्याविषयी अधिक बोलण्याजोगे नाही.

सरकारी नोकरांसाठी बेल्जियमचे उदाहरण जवळचे आहे. तेथील केंद्र सरकारच्या नोकरांना १ फेब्रुवारी २०२२ पासून ही सवलत मिळाली. पुढच्या कामाच्या वेळेपर्यंत थांबणे शक्य नाही अशा अपवादात्मक व अनपेक्षित प्रसंगीच त्यांना कामाच्या वेळेबाहेर बोलवावे, आणि त्यांनी फोन घेतला नाही म्हणून त्यांचे नुकसान होऊ नये, असा तो नियम आहे. अनपेक्षित हा शब्द येथे कळीचा आहे. विधानसभेचे अधिवेशन अनपेक्षित नसते, आर्थिक वर्षाची ३१ मार्च ही तारीख अनपेक्षित नसते, शाळेची पटसंख्या रात्री दहा वाजता एकाएकी बदलत नाही. पूर अनपेक्षित असतो. पावसाळ्यात नदीचे पाणी गावात शिरले तर तलाठ्याला, वीज खात्याच्या लाइनमनला, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला हाक मारावीच लागेल आणि ते येतातही. गावकऱ्यांचा तसा अनुभव आहे. ज्याला फुटकळ कारणांसाठी रोज रात्री उठवले जाते, त्याला खऱ्या हाकेची निकड ओळखणेही कठीण होते, ही दुसरी बाजू मात्र गावकऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. पंचायत सचिवाला रात्री फोन करून घरपट्टीची पावती विचारणारे नागरिकही असतात.

भारतात सरकारी नोकरांना मूलभूत नियम ११ लागू आहे. सरकारी नोकराचा सर्व वेळ त्याला वेतन देणाऱ्या सरकारच्या स्वाधीन आहे आणि जादा मोबदला न मागता त्याने नेमून दिलेले काम करावयाचे आहे, असा त्याचा आशय. हा नियम इंग्रजी अमदानीतला आहे. तो लिहिला गेला तेव्हा साहेबाला कारकुनाचा वेळ हवा असेल तर त्याच्या घरी शिपाई धाडावा लागे. शिपायाला वाटेत पाऊस लागे, कारकुनाचे घर सापडत नसे, आणि साहेबही मग विचार करी की हे काम उद्या करून चालेल काय. नियमाचे शब्द आजही तेच आहेत. मधला शिपाई तेवढा गेला.

खासगी नोकरांच्या बाबतीत, बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनी २८ डिसेंबर २०१८ रोजी लोकसभेत या विषयाचे खासगी विधेयक मांडले. कामाच्या वेळेबाहेर उत्तर न दिल्याबद्दल नोकरावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये, कल्याण प्राधिकरण स्थापन करावे आणि नियम मोडणाऱ्या आस्थापनेस नोकरांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड व्हावा, अशा कल्पना त्यात होत्या. ते मंजूर झाले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी असे विधेयक पुन्हा मांडले. खासगी विधेयकाचा कायदा होणे आपल्याकडे दुर्मीळ असते. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके संसदेने संमत केली आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे. तरीही असे विधेयक सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाते, त्यावर वर्तमानपत्रे लिहितात आणि विषय जिवंत राहतो.

मध्यंतरी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याची जागा त्यांतील एका संहितेने घेतली. दिवसाला आठ तास, आठवड्यात सहा दिवस, जादा कामासाठी कामगाराची संमती आणि दुप्पट दराने वेतन, हे तिच्यात आहे. फोनचा उल्लेख नाही. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच दरमहा अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक हे त्या संहितेच्या दृष्टीने कामगार नव्हेत. आणि मोबाईलवर रात्रीचा हुकूम ज्यांना सर्वाधिक येतो ते पुष्कळदा हेच लोक असतात. हैदराबादेतील किंवा पुण्यातील जो तरुण परदेशी कंपनीचे काम करतो त्याची अडचण आणखी निराळी. पॅरिसमध्ये हिवाळ्यात सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तेथला नोकर कायद्याच्या आधाराने घरी जातो, आणि त्याने जाताजाता पाठविलेला शेवटचा निरोप येथे कोणाच्या तरी जेवणाच्या ताटाशेजारी उजळतो.

शिक्षकांचे स्थान तर पूर्वीपासून अधांतरी आहे. गोव्यातच उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला होता की, शिक्षक हा तत्कालीन औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. त्याचे कार्य उदात्त आहे. उदात्त कार्याला घड्याळ नसते अशी समजूत आपल्याकडे असल्यामुळे हा गौरव शिक्षकांना थोडा महाग पडला आहे.

कायदा होईपर्यंत काहीच करता येत नाही असे मात्र नाही. जर्मनीत असा स्वतंत्र कायदा नसतानाही फोक्सवॅगन कंपनीने २०११ साली कामगार मंडळाशी करार केला, आणि पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने नोकरांच्या फोनवर कंपनीचे ई-मेल जाणे बंद केले. ते पुढील पाळीपूर्वी अर्धा तास पुन्हा सुरू होत. आपल्याकडे कचेरीप्रमुखाला, मुख्याध्यापकाला किंवा भागशिक्षणाधिकाऱ्याला एवढी यंत्रणाही लागत नाही. कोणत्या कारणासाठी रात्री फोन करावयाचा आणि तो कोणी घ्यावयाचा, याची पाळीवार यादी एका कागदावर लिहून भिंतीवर लावता येते. ई-मेलमध्ये निरोप लिहून ठेवून तो पाठविण्याची वेळ नेमून देण्याची सोय असते; रात्री अकरा वाजता सुचलेले परिपत्रक त्या सोयीने सकाळी साडेनऊला, कचेरी उघडताना, ज्याच्या त्याच्या टेबलावर पोहोचते.